सांडपाण्याचं खातं

फिल्टर गॅलरीत बसवायचा हा निर्णय सासूबाईंचा. स्वयंपाकघरात ओट्यावरची अख्खी भिंत रिकामी होती, पण "तिथे फोडणीचे शिंतोडे उडतात," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. खरं कारण सुनेला ठाऊक होतं. सासरे निवृत्त झाल्यापासून रोज ओट्याशी उभे राहत. कांदा एवढा जाड का, गॅस एवढा मोठा का, झाकण कुठे आहे, अशी तपासणी चाले. आयुष्य गोदाम सांभाळण्यात गेलेलं. दुसऱ्याच्या हाताखालच्या मालावर नजर ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

फिल्टर आला, सासरे गॅलरीत गेले. ओटा सुटला.

शुद्ध पाण्याचं सासऱ्यांना काही कौतुक नव्हतं. त्यांचा जीव अडकला तो बाजूच्या बारीक नळीतून वाहणाऱ्या सांडपाण्यात.

"एक पेला प्यायला आणि तीन पेले मोरीला? हा फिल्टर आहे की जावई?"

मग बादल्या आल्या. त्या पाण्याने फरशी पुसून झाली, पुन्हा पुसून झाली, संडासात ओतून झालं. मुलाच्या स्कूटरला तर इतक्या आंघोळी घातल्या की तिचा रंग लाजून फिका पडला. तरी बादल्या उरायच्याच. सुनेला बाथरूममध्ये शिरायचं तर आधी दोन बादल्या ओलांडाव्या लागत.

"बाबा, थोडं पाणी गेलं वाया तर चालेल हो," ती एकदा म्हणाली.

गोदामाची किल्ली चोराकडे ठेवायला सांगावी, तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

आणि एके दिवशी सांडपाणी जवळजवळ थांबलंच. "मशिनला शिस्त लागली," सासरे जेवताना म्हणाले. कुणी खोलात गेलं नाही. बाथरूम मोकळी झाली होती, एवढं सगळ्यांना पुरलं. फक्त सासूबाईंनी कपडे वाळत घालताना पाहिलं, की सांडपाण्याची नळी दुमडून सुतळीने करकचून आवळली आहे. पोत्याचं तोंड बांधावं तशी पक्की गाठ. त्यांनी चिमटे लावले आणि आत आल्या.

काही आठवड्यांनी चहा मचूळ लागायला लागला. मग पेल्यांवर पांढरे डाग. मग टाकी भरेनाशी झाली.

"काढूनच टाकू हे," सून म्हणाली. "मेकॅनिकला बोलावलंय, तो घेऊन जाईल. रोज पाण्याचे जार मागवू. दारात ठेवून जातात, कुणाला बघायला नको."

सासूबाईंच्या हातातलं उलथनं थांबलं. कुणाला बघायला नको म्हणजे सासरे मोकळे. तेही पूर्णवेळ.

मेकॅनिक यायच्या सुमारास त्यांनी सासऱ्यांना साबण आणायला पिटाळलं आणि कात्रीने सुतळी कापली. दोष मशीनचा निघाला तर मशीन बदलेल, सांभाळणारा नाही, असा त्यांचा हिशोब.

मेकॅनिकने नळी बोटांतून फिरवली. "मावशी, इथे घडी कशी पडली?"

"धुण्याची बादली टेकते तिथे."

"बादलीचे असे वळ उमटत नाहीत."

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी वाळलेल्या टॉवेलकडे पाहिलं. तेवढ्यात सासरे साबण घेऊन दारात.

"माझी गाठ कुणी सोडली?"

"काका, तुम्ही बांधली होती?"

"मग काय? जाऊ दिला का एक थेंब वाया?"

"अहो, पाण्यातला क्षार त्याच नळीतून बाहेर पडतो. तुम्ही वाट बंद केली, तो आतच साचला. मेम्ब्रेन गेलं, म्हणजे गाळणीच बसली."

सासऱ्यांनी वाकून नळीवरच्या वळांवरून बोट फिरवलं. "म्हणजे खराब माल बाहेर काढायचा, तो मी आत ठेवला."

"तसंच."

"गोदामात असं केलं असतं तर मी मलाच काढलं असतं," ते म्हणाले आणि साबण हातात तसाच धरून उभे राहिले.

"मशीन काढूनच घ्या," सून मेकॅनिकला म्हणाली.

"अगं, जरा आत ये." सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात नेलं. "हे परत इथे येऊन उभे राहिले ना, तर स्वयंपाक तू करायचास. मी गॅलरीत बसेन."

सुनेने ओट्याशेजारच्या त्या जागेकडे पाहिलं. सासरे जिथे उभे राहायचे, तिथली फरशी जरा जास्तच गुळगुळीत होती.

ती बाहेर आली. "नवीन मेम्ब्रेन बसवा. आणि बाबा, आता सांडपाणी पुरेसं वाहतंय की नाही, यावर लक्ष ठेवायला जबाबदार माणूस लागेल. कमी पडलं की मशीन बिघडतं."

"कमी पडू देणार नाही," सासरे म्हणाले आणि साबण सासूबाईंच्या हातात दिला.

बादल्या परत आल्या. काल एक बादली भरायला उशीर झाला, तर सासऱ्यांनी मेकॅनिकला फोन लावला. "तुमचं मशीन पाणी पुरेसं वाया घालवत नाहीये. येऊन बघून जा."

आत सासूबाई कांदा चिरत होत्या. चांगला जाड.