सोळा इंचांचा बाक

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले आणि अंगाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय की आमच्या हिला ते वाक्य पाठ आहे. कोणी जुना शर्ट घेऊन यायचं, 'मास्तर, याच मापाचा शिवा' म्हणायचं, आणि मी तो घडी करून परत द्यायचो. शर्ट दोन वर्षांपूर्वीचा, पोट आजचं; पोट पुढे करा. गिऱ्हाईक चिडायचं, पण टेपसमोर उभं राहायचं. दुसरा नियम असा की कच्ची टीप घालून एकदा अंगावर चढवून पाहायचं, मगच पक्की टीप मारायची. माझ्या नाकावर माशी बसत नसे ती या दोन नियमांच्या जोरावर.

हे मुद्दाम सांगतोय. पुढे मी जे केलं ते दुकानातल्या कुणा कारागिराने केलं असतं, तर त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवला असता.

दुकान बंद केलं तेव्हा हिने एकच गोष्ट मागितली. घरामागे छोटी बाग आहे. बाग हिची, माझा तिथला संबंध ओले कपडे दोरीवर टाकण्यापुरता. मागच्या दारातून बाहेर पडलं की तीन फूट लांबीचा कट्टा, मग तीन पायऱ्या, मग चार वाफे आणि टोकाला लिंबाचं झाड. हिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. खुरपं घेऊन बसली की उठताना झाडाची फांदी धरायची.

"झाडाखाली बसायला काहीतरी करा," ती म्हणाली. "फुलं बघत बसेन."

"विकत आणू."

"विकत कशाला? हात रिकामे आहेत ना तुमचे? दिवसभर घरात नाकाने कांदे सोलता, त्यापेक्षा फळ्या कापा."

मला ते पटलं. कापड काय, लाकूड काय, मापात कापायचं आणि जोडायचं. वखारीत गेलो. वखारवाला माझं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या लग्नाचा कोट मीच शिवलेला. त्याने फळ्या काढून दिल्या आणि एक छापील कागद हातात ठेवला. त्यावर बाकाचा नकाशा होता. लांबी पाच फूट, बैठकीची उंची सोळा इंच, दोन्ही बाजूंना हात नाहीत, एकदम सुटसुटीत.

"कोण बसणार यावर, मास्तर?" त्याने विचारलं.

"घरचेच."

"मग आधी नुसते स्क्रू मारा. ज्याला बसायचंय त्याला बसवून बघा. गोंद शेवटी लावा. गोंद लागला की मग करवतीशिवाय सुटायचं नाही."

मी हसलो. मला कच्ची टीप शिकवायला निघाला होता.

पुढचे आठ आठवडे मी त्या बाकाचा झालो. खुणा करायला शिंप्याचा खडू, मोजायला गळ्यातली टेप. पहिला पाय कापला तो तिरका गेला. दुसरा त्याच्याशी जुळवायला गेलो, तर तो उलट्या बाजूला तिरका झाला. वखारीत दोनदा जाऊन नवं लाकूड आणलं. अंगठा ठेचला, नख काळं पडलं. पण हात बसत गेला. पॉलिशपेपर मारता मारता फळी अशी गुळगुळीत व्हायची की मी डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवत बसायचो. ही दारातून बघायची आणि म्हणायची, "माझ्या पाठीवरून कधी इतका हात फिरवला नाहीत."

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातलं उंच स्टूल बाहेर आणलं. दुखऱ्या गुडघ्यांनी ते तीन पायऱ्या उतरवून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यावर बसून दाखवलं, उठून दाखवलं. "एवढं असलं म्हणजे झालं," म्हणाली.

मी म्हटलं, "बरं केलंस आणलंस ते," आणि स्टुलावर फळी आडवी टाकून कापायला घेतली. कितीतरी दिवस मला फळी टेकवायला काही मिळत नव्हतं.

ती जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "थोडा उंच करा हं."

मला ऐकू आलं नाही असं नाही. मी वर न बघता म्हटलं, "कागदावर सोळा आहे." संध्याकाळी स्टूल मीच आत नेऊन ठेवलं. बैठकीवर करवतीचे दोन चरे उठले होते.

गळ्यात टेप, समोर बायको, आणि तिचं माप घ्यावं असं माझ्या मनात आलं नाही. तिचं माप मला पाठ होतं. लग्नाच्या वर्षी घेतलेलं.

बाक पुरा झाला. बसवून बघायचं राहिलं, कारण मला तिला एकदम तयार बाक दाखवायचा होता. सगळे सांधे गोंद लावून पक्के केले, वर तेलाचे तीन हात दिले. मग तिचा हात धरून तिला वाजतगाजत नेल्यासारखी झाडाखाली नेली आणि बसवली. ती बसली, फळीवर हात ठेवला, म्हणाली, "छान झालाय हो." निघताना मी ऐटीत दोन्ही हात पुढे केले आणि ते धरून ती उठली. मला वाटलं, लाडात आलीये.

त्यानंतर ती बाकावर बसेना. बागेत जायची, उभ्याउभ्या पाणी घालायची, परत यायची. विचारलं तर ऊन आहे म्हणायची, कधी मुंग्या आहेत म्हणायची. मी मुंग्यांची पावडर टाकली. मग म्हणाली, पावडरीचा वास येतो. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एका रविवारी मुलगी आली होती, तिच्यासमोर माझी जीभ सुटली.

"आठ आठवडे हाताची सालं काढली," मी म्हटलं, "आणि हिला मुंग्या दिसतात. चाळीस वर्षांत माझ्या कुठल्या कामाचं कौतुक म्हणून केलं नाही हिने. दहा मिनिटं टेकली असती तर काय बिघडलं असतं?"

"जाऊ द्या ना, बाबा," मुलगी म्हणाली. ही चहाचे कप उचलून आत गेली.

दोन दिवसांनी मी चष्मा दुरुस्तीला गावात गेलो होतो. दुपारी परत आलो तर ही गुडघ्याला टॉवेल गुंडाळून पलंगावर पडलेली. पायरीवरून पाय घसरला म्हणाली. मी काय म्हटलं ते लपवण्यात अर्थ नाही. "बघून चालता येत नाही का?" म्हटलं.

गुडघा सुजला, उतरला, पण पहिल्यासारखा झाला नाही. घरात भिंतीला धरून चालायची, पण त्या तीन पायऱ्यांवर तिचा पाय धजेना. दीड वर्षं ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी त्याच स्टुलावर बसून भाजी निवडत राहिली. त्या खिडकीतून दिसते शेजारची भिंत. पाणी मी घालायचो, म्हणजे सकाळी चिखल करायचो आणि मग चार दिवस विसरायचो. दोन वाफे गेले. बाकाला मात्र दर सहा महिन्यांनी तेल देत होतो.

गेल्या महिन्यात असाच तेल देत होतो. टपालवाली पार्सल घेऊन बाजूच्या वाटेने मागे आली. पुढची घंटा वाजवून कोणी दार उघडलं नाही की ती मागे येते. मी सही केली आणि शेखी मिरवायला म्हटलं, "या कोपऱ्याला तेल लावलेलं नाही, टेका जरा. घरी केलाय."

"नको, काका," ती म्हणाली. "या बाकाची मला धास्तीच बसलीये. काकूंचा गुडघा कसा आहे आता?"

"पायरीवरून पडली तेव्हापासून तसाच."

टपालवालीने पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "त्यांनी सांगू नका म्हणून शपथ घातली होती," ती म्हणाली. "पण दीड वर्ष झालं, आता काय लपवायचं. काकू पायरीवरून नाही पडल्या. मी आले तेव्हा इथे, या वाफ्यात बसल्या होत्या. बाकावर बसल्या आणि उठताच येईना. फार खाली आहे ना तो, धरायलाही काही नाही. तुम्ही याल म्हणून तासभर तशाच बसून राहिल्या. मग जोर करून उठायला गेल्या आणि गुडघा मुरगळून वाफ्यात पडल्या. मी काखेत हात घालून उठवलं. 'यांना बोलू नकोस,' म्हणाल्या, 'फार हौसेने केलाय.'"

ती गेल्यावर मी बाकावर बसलो. मग उठलो. सहज उठलो. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

आत गेलो. ही स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. मी खुंटीवरची टेप काढली आणि खाली बसून स्टुलाची उंची घेतली. एकवीस इंच. बैठकीच्या कडेला करवतीचे दोन चरे होते, तिच्या मांडीच्या अगदी बाजूला.

"आज काय काढलंय?" ती म्हणाली.

"टपालवालीने सांगितलं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "भोचक आहे मेली," ती म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. हे स्टूल आणून दाखवलं."

"नंतर का नाही सांगितलंस?"

"नंतर तुम्ही मुलीसमोर बोललात." हे ती अजिबात न रागावता म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्या पायांशी टेप घेऊन बसलो होतो आणि मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. अनोळखी माणसांच्या पोटांचे वाढलेले इंच मी मोजत आलो, आणि घरातल्या बाईचे गुडघे म्हातारे झालेले मला एका टपालवालीने सांगावे लागले.

मी माप घेतलं. टाचेपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत, मग बसल्या जागी कोपरापर्यंत. ती म्हणाली, "वरातीमागून घोडं." तरी पाय सरळ धरून बसली.

बाकाला ठोकळे लावून उंच करता आला असता, पण तो खाली झाडापाशी आणि ही वर. पायऱ्यांवर फळ्या टाकून उतार करतो म्हटलं, तर म्हणाली, "उतारावर तर मुळीच नाही. पायरीवर निदान कुठे पडणार ते कळतं." मग बाकच वर कट्ट्यावर आणावा, तर कट्टा तीन फुटांचा, बाक पाच फुटांचा. सांधे सोडवायला गेलो. एकही हलला नाही. गोंद मी असा भरपूर लावला होता.

शेवटी करवत घेतली आणि तो बाक मधोमध कापला. आठ आठवड्यांचं काम अर्ध्या तासात दोन तुकडे झालं. पॉलिशपेपरने घासून घासून गुळगुळीत केलेल्या त्या फळ्या कापताना मला बाकाचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं की पाच फूट होता तेव्हा त्यावर आम्ही दोघं मावत होतो.

एका तुकड्याची खुर्ची केली. एकवीस इंच उंच, दोन्ही बाजूंना धरायला जाड हात. गोंदाची बाटली वखारवाल्याला देऊन आलो. नुसत्या स्क्रूंवर खुर्ची उभी केली, कट्ट्यावर नेली आणि हिला बसवलं. ती बसली, उठली, पुन्हा बसली.

"पाऊण इंच कमी करा," म्हणाली.

पाऊण इंच कमी केला. पुन्हा बसली. हातांवर भार देऊन, माझ्याकडे न बघता, आपली आपण उठली.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून ती रोज सकाळी कट्ट्यावर बसते. मी खालच्या पायरीवर. तिथून लिंबाचा शेंडा दिसतो आणि पहिला वाफा. मागचे वाफे आडोशाला जातात, ते दिसत नाहीत.

काल म्हणाली, "जरा बघून या हो. तिसऱ्या वाफ्यात काही आलंय का?"

मी उतरून गेलो. माझ्या पाण्याला पुरून उरलेलं एक झुडूप होतं. नाव मला ठाऊक नाही. चाळीस वर्षं ते घरामागे आहे आणि मी विचारलेलं नाही. मोजून परत आलो. "पांढरी आलीत," म्हटलं. "चार."

"पाच असतील. एक नेहमी पानामागे असतं. वाकून बघितलंत का?"

वाकलो नव्हतो. पुन्हा खाली गेलो, गुडघ्यांवर बसलो, पान बाजूला केलं. पाचवं तिथे होतं.

"आहे का?" तिने वरून विचारलं.

"आहे," मी म्हटलं. पण उठून वर यायला मला जरा वेळ लागला.