पाय खरंच दुखत होते

पोहणं शिकवणाऱ्या बाईंच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून त्या घरी आल्या, त्या एका नव्या गोळीसह. रक्तातली चरबी कमी करणारी, रोज एक.

घरात दुसरं माणूस म्हणजे नणंद. पन्नाशी उलटली तरी तिला सगळे छोटीच म्हणत. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेला, त्यामुळे साबणाच्या वेष्टणावरचा मजकूरही शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ती वडी भिजवत नसे. जेवताना तिने गोळ्यांच्या खोक्यातला कागद उलगडला.

“स्नायू दुखणे. पायांत गोळे येणे. थकवा. वहिनी, ऐकतेयस ना? हे तर तुझ्या पोटावरच पाय!”

“भाजी गार होतेय, छोटी.”

“होऊ दे. दादाच्या वेळी कुणी काही वाचलं नाही. आता मी वाचणार.”

बाईंनी भाजीवर झाकण ठेवलं. त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे छोटीच्या दादाला, एक औषध बाधलं होतं, आणि ते कळेपर्यंत फार उशीर झाला होता.

आठवडाभरात तलावाच्या पायऱ्या चढताना बाईंच्या मांड्या भरून येऊ लागल्या. मग पोटऱ्या. पाण्यात उतरल्या तर पायांत शिसं ओतल्यासारखं वाटे. त्या काठावर उभ्या राहूनच शिट्टी वाजवू लागल्या. शेवटी कुणाला न विचारता त्यांनी गोळी सोडली, आणि पाय हलके झाले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “गोळी कायमची सोडणं धोक्याचं आहे. आणि तुमचे पाय दुखत होते, हेही खरं. एक करून बघू या का? दोन बाटल्या देते. एकीत औषध, दुसरीत नुसती पिठाची गोळी. कुठली कशात, ते फक्त औषधवाल्याला ठाऊक. मलाही कळणार नाही. तेवढ्या दिवसांत काही बिघडत नाही, मी लक्ष ठेवीन.”

पहिली बाटली सुरू झाली आणि पाय पुन्हा दुखू लागले. बाई वैतागून म्हणाल्या, “हेच ते औषध! पैज लावते.” दुसऱ्या बाटलीवरही दुखलं, पण जरा कमी.

मग दवाखान्यात, दोघींसमोर, औषधवाल्याने फोनवर सांगितलं: पहिल्या बाटलीत पीठ होतं.

बाईंचा चेहरा पडला. “म्हणजे मी ढोंग करत होते?”

“छे! पाय खरंच दुखत होते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुखणार असं मनाने धरलं की शरीर कान टवकारून बसतं. एरवी जाणवलीही नसती अशी ठणक मग मोठी होते. काही थोड्यांना या गोळीने खरोखर त्रास होतो. लघवी गडद झाली, अंगातलं बळच गेलं, तर लगेच या. पण तुमच्या बाबतीत तसं दिसत नाही.”

बाईंना हे नवं नव्हतं. खोल पाण्याजवळ ‘बुडणार नाहीस’ म्हटलं की पोरं लाकडासारखी ताठ होतात, म्हणून त्या नेहमी ‘हात लांब कर’ एवढंच म्हणत.

घरी छोटीला रडू फुटलं. “तुझे पाय मीच दुखवले गं.”

“वेडी आहेस का? तू काळजीपोटी वाचलंस. वाचणं सोडू नकोस, फक्त किती जणांना होतं तेही वाचत जा.”

छोटीने नाक पुसलं, कागद पुन्हा काढला आणि बारीक अक्षरांतले आकडे शोधू लागली.

बाईंनी गोळी पुन्हा सुरू केली. पहिले काही दिवस पाय कुरकुरले. मग एका सकाळी घाबरलेल्या मुलीला तरंगायला शिकवता शिकवता त्या तलावाच्या पार पलीकडे पोचल्या. पायांची आठवण झाली ती कपडे बदलताना.

पुढे छोटीच्या डोळ्यांसाठी थेंब आले. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांसमोर ती खुर्ची पुढे ओढून बसली. “काय काय होऊ शकतं ते सगळं सांगा. पण किती जणांना काहीच होत नाही, तेही सांगा.”

“बहुतेकांना काहीच होत नाही,” डॉक्टर हसले. “काहींना थोडं चुरचुरतं, मिनिटभरात थांबतं.”

घरी बाईंनी तिच्या डोळ्यात थेंब घातला. “चुरचुरतंय?”

छोटीने डोळा मिचकावला. “किंचित. घाल दुसऱ्यातही.”