जळक्या उतारावरची पेरणी

मित्रांनो, मी एक म्हातारा नटक्रॅकर पक्षी आहे. अंग करडे, पंख काळे, चोच टोकदार. अमेरिकेतल्या मोंटानाच्या या उंच डोंगरांवर पांढऱ्या सालीच्या पाइनच्या बिया खाऊन मी जगतो. मला एका जागी बसवत नाही. पाइनच्या शंकूंत, म्हणजे त्याच्या खवलेदार फळांत, बी भरू लागले की माझी झोपच उडते. जिभेखालच्या पिशवीत बिया भरायच्या, दूर उडत जायचे आणि हिवाळ्यासाठी त्या जमिनीत पुरायच्या, यातच माझे आयुष्य गेले.

मी जन्मलो त्याच उन्हाळ्यात वीज पडून पलीकडची डोंगरधार जळाली. मी भीतीने तिकडे फिरकत नव्हतो. आई मात्र राख निवताच तिथे बिया पुरायला गेली. पाइन मोकळ्या, उन्हाच्या जमिनीत जोम धरतो आणि फरच्या झाडांच्या दाट सावलीत खुरटतो, हे मला पुढे कळले. माझ्या जन्माच्या फार पूर्वी आग अधूनमधून येई, खालची दाटी साफ करी आणि विझे. मग माणसांनी दिसेल ती आग विझवायचा सपाटा लावला. फर माजले आणि पाइनला खेटून उभे राहिले. त्यातच पाइनवर तांबेरा रोग पडला. अलीकडे पुन्हा वणवा लागला तेव्हा तो फरवरून थेट पाइनच्या शेंड्यांपर्यंत चढला आणि अख्खा उतार काळा झाला. आमच्या बाजूला शंकू धरणारा एकच जुना पाइन उरला.

माझा जीव त्या झाडात अडकला होता. दिवसातून कितीदा तरी मी शंकूंवर चोच मारून पाही, पण ते कच्चेच असत. अशात एके सकाळी इनियास दोराला लटकून वर चढला. खाली त्याची आत्या फिलोमीन उभी होती. दोघे इथल्या सेलिश या मूळ जमातीचे, रोपवाटिकेसाठी बी गोळा करणारे. मी बी पळवू नये म्हणून इनियास एकेका शंकूवर तारेची जाळी चढवू लागला. मी त्याच्या डोक्याभोवती घिरट्या घालत घसा फोडून ओरडलो.

"आत्या, हा चोर कान किटवतोय माझे."

"किटवू दे. घर त्याचं आहे. वरचा शेंडा उघडा ठेव."

"सगळंच झाकू ना. तांबेऱ्यातून वाचलेलं झाड आहे हे. याचं बी वाया घालवायचं?"

"वाया? तो काळा उतार कोण पेरणार मग, तू? काल अर्ध्या चढावरच गुडघे धरून बसला होतास."

"बरं, एक फांदी सोडतो. होईल त्याचं पोटापुरतं."

"पोटापुरतं दिलंस तर तो सगळं खाऊन टाकेल, बाबा. खाऊन उरेल तेच उगवणार."

इनियास कुरकुरला, पण शेंड्याच्या जाळ्या त्याने काढल्या.

बिया पिकल्या तशी मी काळ्या उतारावर फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. हिवाळा कडक गेला. बर्फ उकरून मी आणि माझ्या जोडीदारणीने पोट भरले, पिल्लांना भरवले, तरी पुष्कळ बी जमिनीतच राहिले. लोक म्हणतात, मी जागा विसरतो. मला त्यातल्या कितीतरी आठवत होत्या. पोट भरले होते, म्हणून उकरल्या नाहीत.

आता त्या राखेतून हिरव्या सुयांचे झुबके वर आले आहेत. परवा इनियास पालथा पडून ते बघत होता. त्यांना शंकू धरतील तेव्हा मी नसेन. याचे वाईट वाटते, पण त्याहून मोठा घोर वेगळाच आहे. यंदा जुन्या पाइनला पुन्हा शंकू आले आहेत आणि जाळ्या घेऊन नवी माणसे निघाली आहेत. फिलोमीन त्यांच्यात नाही, आणि इनियासचे ते ऐकतील की नाही, देव जाणे.

मित्रांनो, त्यांच्यातले कोणी तुम्हाला भेटले तर एवढे सांगा. डोंगरावरची लहानशी आग दिसताच विझवायला धावू नका. जाळ्या खुशाल घाला, पण माझ्यासाठी भरपूर सोडा. पोटापुरतेच मिळाले तर मी एकही बी मागे ठेवणार नाही. पिल्ले भुकेने चोची वासून बसली की मला कुठल्याच उताराची आठवण राहत नाही.