सुतारकाकांच्या कंबरेवरचा दिवस

मी हृदयाचे ठोके टिपणारा एक जुना डबा आहे. दवाखान्यात मला होल्टर म्हणतात. आकार पत्त्यांच्या जोडाएवढा, पण भूक दांडगी! ज्याच्या कंबरेला लटकतो, त्याचा दिवसरात्रीचा एकूण एक ठोका गिळतो आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकतो. पोटात काही ठेवत नाही.

मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा माझा केवढा थाट होता! एकदा सुतारकाका आले. त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. तुंबलेली रक्तवाहिनी उघडली होती, पण हृदयाचा एक कोपरा रक्ताविना कायमचा दुखावला होता. असा कोपरा कधी कधी ठोके उधळून लावतो आणि माणूस उभ्याउभ्या जातो. ती भीती कितपत आहे, हे मला पाहायचं होतं. बाईंनी छातीला तारा चिकटवल्या आणि रोज जे करता तेच करा, जिना चढा, फिरा, असं बजावलं.

काकांच्या डोक्यात मात्र एकच शिरलं, की ही परीक्षा आहे. पास झालो की करवत हातात! घरी जाऊन जे खुर्चीत बसले ते हलेचनात. पाणीसुद्धा जागेवर मागवलं. शिंक दाबली. शेजाऱ्याने चिडवलं तरी हूं की चूं नाही. माझ्याकडे नुसते शहाण्या मुलासारखे ठोके जमत होते, आणि मी आतल्या आत जळत होतो. असलं खोटं सुख टिपून मी बाईंना काय सांगणार, कपाळ?

काकू हे सगळं बघत होत्या. शेवटी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, तुम्ही पास व्हाल हो. पण उद्या करवत चालवताना कोसळलात, तर ते पास होणं मी काय चाटू?"

काका उठले, जिना उतरून कामाच्या खोलीत गेले आणि नेहमीच्या चालीने वर आले. शेवटच्या पायरीवर ठोके उधळले. त्यांनी कठडा घट्ट धरला. मी घाबरलो, खरंच घाबरलो, पण एकही ठोका सोडला नाही. थोड्या वेळाने सगळं शांत झालं. छातीत फडफडलं तर दाबायला माझ्या अंगावर एक बटण आहे. काकूंची पाठ होती, काकांना लपवता आलं असतं. त्यांनी बटण दाबलं.

पुढच्या तपासण्या झाल्या आणि काकांच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीआड एक छोटं यंत्र बसलं. ठोके उधळले की ते आतूनच विजेचा झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणतं. काही दिवसांनी करवतही मिळाली.

आता छातीवर नुसती चिकटवायची नवी यंत्रं आली आहेत. मी खणात पडून असतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, मागणं एवढंच, की तुमच्या घरी कुणी असा डबा लावून आलं तर त्याला फुलासारखं जपत बसू नका. नेहमीसारखं वावरू द्या, आणि छातीत फडफडलं किंवा घेरी आली तर लपवू देऊ नका.

परवा काकू दवाखान्यात आल्या होत्या. काम करता करता काका कोसळले, आतल्या यंत्राने झटका दिला आणि त्यांनी डोळे उघडले, असं सांगत होत्या. बाईंनी विचारलं, आता कसं चाललंय? काकूंनी डोळे पुसले.

"अजून रोज भांडतेय मी त्यांच्याशी," त्या म्हणाल्या.