बाद झाल्यानंतरचे गुण

"पण दोन संघांचे गुण सारखे झाले तर?" आइस हॉकी लीगच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी विचारलं.

नीलकंठला असे प्रश्न मनापासून आवडत. "मग जो उशिरा बाद झाला, त्याला आधी निवड," तो म्हणाला. "कमी सामन्यांत तेवढेच गुण मिळवले ना त्याने!"

नीलकंठच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे उपाय मागायला आलेल्या या लीगचं दुखणं जुनं होतं. नव्या खेळाडूंची वाटणी करताना तळाच्या संघाला पहिली निवड मिळायची. त्यामुळे मोसम हातचा गेला, की संघ मुद्दाम हरायचे. नीलकंठने तोड काढली होती. संघ स्पर्धेतून बाद झाला की तिथून पुढे जिंकून मिळवलेले गुण मोजायचे. ज्याचे जास्त, त्याला पहिली निवड. दुबळा संघ आधी बाद होतो, म्हणून त्याला सामनेही जास्त मिळतात. कुणावर अन्याय नाही.

अध्यक्ष दाराशी थांबले. "हरलेल्यांना आणखी पळवायचं," ते म्हणाले, "जरा निर्दय वाटतं." लीगने शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं.

बर्फावर एकमेकांना भिंतीवर आदळणाऱ्यांना जे निर्दय वाटलं, ते नीलकंठच्या तोक्योतल्या, कोतो भागातल्या ऑफिसात मात्र छान रुजलं. थंडी पडायला लागली तेव्हा मॅनेजर मोरिता-साननी नीलकंठला आत बोलावलं.

"नीलकंठ-सान, तुमचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरनंतर नाही. आणखी एकाचंही नसेल. क्योतोच्या ऑफिसात एकच जागा आहे. ती कुणाला द्यायची, हे आम्ही तुमच्या पद्धतीने ठरवू. सांगितल्यापासून पूर्ण केलेली कामं मोजू. तुम्हाला आधी सांगतोय."

"म्हणजे मी सगळ्यात दुबळा?"

"म्हणजे तुम्हाला सगळ्यात जास्त संधी," मोरिता-सान म्हणाले. त्यांना ते मनापासून वाटत होतं, हीच तर पंचाईत होती.

मुलीचं, तन्वीचं, दहावीचं वर्ष होतं. क्योतोची जागा मिळाली तर तो एकटा तिकडे राहिला असता. नोकरीच गेली की ऑफिसजवळचं ओजिमाचं घर सोडायचं, शाळा अर्ध्यात तोडायची, पुण्याला परतायचं. बायको जयंती एवढंच म्हणाली, "तूच पाडून घेतलास पायावर धोंडा. आता उचल." त्याने उचलला. इतकं काम त्याने उमेदीच्या वर्षांतही केलं नव्हतं.

दुसरा बाद झाला तो शेजारच्या खुर्चीवरचा सौमित्र. त्याला सगळं काम नीलकंठनेच शिकवलं होतं. त्या दिवसापासून दोघांचे डबे वेगळ्या टेबलांवर उघडायला लागले.

शेवटच्या आठवड्यात सौमित्रचा फोन आला. "सर, मैत्रेयीला बाळंतपणासाठी ॲडमिट केलंय. माझं ते रिलीज अडकलंय, आजच जायला हवं. प्लीज सर, तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

नीलकंठ घरूनच कामाला बसला. रिलीज गेलं. काम पूर्ण करणाऱ्याचं नाव टाकायची वेळ आली तेव्हा जयंती मागे उभी होती.

"तुझं नाव टाक. केलंस तू."

"काम त्याचं होतं गं."

"आणि तन्वीचं वर्ष? ते कुणाचं?"

त्याने सौमित्रचं नाव टाकलं.

निकालाच्या दिवशी मोरिता-सान खुशीत होते. "दोघांची कामं सारखी भरली! पण त्याचीही सोय नीलकंठ-साननी आधीच करून ठेवलीय. जो उशिरा बाद झाला, त्याला आधी निवड. बरोबर ना?"

नीलकंठने सौमित्रकडे पाहिलं. त्या रिलीजबद्दल त्याचं एक वाक्य पुरे होतं. सौमित्र चहाच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत बसला. नीलकंठला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

परतीच्या तिकिटाआधी घर रिकामं करणं चाललं होतं. इथे मोठं सामान नुसतं टाकता येत नाही. दुकानातून कचऱ्याचं स्टिकर विकत आणून डकवावं लागतं. तन्वीच्या अभ्यासाच्या टेबलावर ते डकवून झालं होतं. गाडी उद्या येणार होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात सौमित्र.

"सर, मुलगी झाली." त्याने आत टेबलाकडे पाहिलं. "मैत्रेयी म्हणत होती, तुम्ही टेबल टाकताय... क्योतोच्या टेम्पोत जागा आहे. बाळाचं सामान ठेवायला होईल."

जयंती उठून आत गेली. तिने दार लावून घेतलं.

टेबलाशी बसलेली तन्वी मान वर न करता जपानीत म्हणाली, "मी अजून वापरतेय."

सौमित्रला जपानी उत्तम येत होतं. तो टेबलाची रुंदी वितीने मोजत राहिला.

"अभिनंदन," नीलकंठ म्हणाला. मग त्याने तन्वीची पुस्तकं उचलून खाली ठेवली, नखाने स्टिकर सोलून काढलं आणि टेबलाची एक बाजू धरली.

"खालून धर. लिफ्टच्या दारात तिरकं करावं लागेल. बोटं सांभाळ."

दोघं टेबल घेऊन बाहेर पडले. तन्वीने खुर्ची बाजूला सारली, जमिनीवर मांडी घातली आणि भूगोलाचं पुस्तक उघडलं.