मोठीच्या तारा

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो, आणि आधीच कबूल करून टाकते: स्वभावाने मी जळकी आहे.

मोठी, म्हणजे माझी थोरली बहीण, तीही गिटारच; ती आणि मी एकाच झाडाच्या. वाद्ये घडवणाऱ्या आत्याने त्या खोडातून दोन लाकडे निवडली. मोठीचे लाकूड जाड होते. ते आतून-बाहेरून कोरून आत्याने तिच्या पोटाला पालथ्या, पसरट वाटीसारखा फुगवटा दिला. दोन महिने लागले. अंगठ्याएवढा रंधा चालवता चालवता आत्या थांबायची, बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायची आणि कान लावून ऐकायची. मी शेजारच्या फळीवर पडून बघत असे.

माझे लाकूड पातळ. चार दिवसांत तासले, आतून पट्ट्या चिकटवल्या, मध्ये गोल भोक पाडले, झाले! माझ्यावर टकटक केली असेल तर मला आठवत नाही. जळणाऱ्याची आठवण अशीच सोयीची असते.

"ही आपली सपाट. ठकीला शिकायला बरी," आत्या म्हणाली. ठकी म्हणजे वरच्या मजल्यावर राहणारी तिची भाची.

पाहुणे आले की मोठीला भिंतीवरून उतरवून उलटसुलट न्याहाळत. "काय घडवलीये हो!" माझ्यावर एकाने चहाचा कप ठेवला. सपाट ना मी! तो गोल डाग अजून माझ्या अंगावर आहे.

ठकीला मात्र मी आवडायचे. शाळा सुटली की दप्तर कोपऱ्यात भिरकावून ती मला मांडीवर घ्यायची. मग शाळेच्या कार्यक्रमात तिने गिटार वाजवायचे ठरले, आणि माझा रोग तिलाही लागला.

"हिचा आवाज मोठीसारखा दणदणीत का नाही?" ती पुटपुटली. तिने खणातून मोठीच्या जाड तारा काढल्या आणि आत्याला न विचारता मला चढवल्या. खुंट्या करकरल्या. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पंधरा दिवसांत माझे पोट वर येऊ लागले. मला वाटले, आला फुगवटा! आता कोण कप ठेवतो बघू. आतल्या पट्ट्या कण्हत होत्या, तारा दाबून ठकीची बोटे लाल होत होती. मी मात्र फुशारकीत होते.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी ठक् असा आवाज झाला. ज्या घोडीला तारा अडकवतात, तीच माझ्या पोटावरून अर्धी उचकटली.

"आत्या, मीच केलं," ठकी हुंदके देत म्हणाली.

आत्याने तार चिमटीत धरली. "मोठीच्या गं या! अगं, मोठीला तारा वरून खाली दाबतात. ती कमान आहे, सोसते. हिची घोडी पोटालाच चिकटवलेली. हिला तारा वर ओढतात. धाकटीच्या अंगावर मोठीचं ओझं कशाला?"

"मग हिला सपाट का केलंस?"

"सपाट कुठाय? आतल्या पट्ट्यांना मी मुद्दाम जरासा बाक दिला होता. डोळ्यांना दिसणार नाही, पण हिला पुरेल इतका."

"तूच तर सपाट म्हणायचीस!"

आत्याने तार खाली ठेवली. "म्हणायचे खरी. चुकलंच माझं."

माझ्या तारा उतरल्या. आत्याने घोडी पुन्हा चिकटवली, आणि ती दाबून धरणाऱ्या शिकंज्यात मी महिनाभर उताणी पडून राहिले. कार्यक्रमाला ठकी मोठीला घेऊन गेली. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला म्हणे. ऐकून माझा तिळपापड झाला, खोटे कशाला बोलू?

पण त्या संध्याकाळी परत आल्यावर ठकीने मोठीला भिंतीवर अडकवले आणि तडक माझ्याकडे आली. वाकून तिने माझ्या पोटावर कान ठेवला आणि बोटाच्या पेराने टकटक केली.

"आत्या, ही अजून बोलते गं!"

अंगावर एकही तार नव्हती, तरी मी बोलले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला तिच्याच तारा चढवा. उन्हात, ओलीत टाकू नका. कपासाठी टेबल असते. आणि अधूनमधून कान लावून तिची चौकशी करा. मी? मी मोठीवर अजूनही जळते. पण ठकीने तिच्या पोटाला कान लावलेला मी आजवर एकदाही पाहिलेला नाही. आणि माझे लक्ष असते हो, चांगलेच असते.