खळीचं नाव

कर्णबधिर मुलांच्या त्या शाळेत बाई नवीन होत्या आणि त्यांची हौस दांडगी होती. काहीही शिकवायचं ते खेळातूनच. ढोलाचे ठोके लाकडी जमिनीतून तळपायांना कळायचे, तेवढ्या उड्या मारल्या की झालं गणित. पोरं बेहद्द खूश. एक सात वर्षांची नवी पोरगी मात्र भिंतीला चिकटून उभी राहायची. तिच्या घरी खुणांची भाषा कुणालाच येत नव्हती. दाखल्यावर नाव होतं, पण ते बिचारीपर्यंत कधी पोहोचलंच नव्हतं. महिन्याभरात फरक पडला नाही तर परत नेऊ, असं तिची आई बजावून गेली होती.

म्हणून बाईंनी नावांचा खेळ मांडला. इथे प्रत्येकाला खुणेचं नाव असे. पोरीच्या गालावरची खळी पाहून बाईंनी स्वतःच्या गालात बोट रुतवलं आणि तिच्याकडे दाखवलं. ही तू. मुलं जागच्या जागी थिजली. मग एकेकाचं बोट गालाकडे गेलं, आणि पोरगी पहिल्यांदा हसली.

त्यानंतर तिची कळी अशी खुलली की बाई स्वतःवरच खूश झाल्या. मुलांनी तिला खिडकीजवळची, एरवी कुणालाच बसू न दिलेली जागा दिली. जिना उतरताना दोघं तिचे हात धरत. पाय चांगले धडधाकट होते तिचे. पण एके दिवशी बाईंना ती डावा पाय ओढत चालताना दिसली.

मोठ्या बाईंना विचारलं तेव्हा उलगडा झाला. ते नाव तापात दगावलेल्या एका लंगड्या मुलीचं होतं. गेलेल्याचं नाव इथे दुसऱ्याला देत नाहीत, हे नव्या बाईंना सांगायचंच राहिलं होतं. बाईंनी लगेच वेणीची खूण करून पोरीला दुसरं नाव देऊन पाहिलं. तिने मान हलवली, गालात बोट रुतवलं आणि लंगडत जागेवर जाऊन बसली. एवढ्याशा पोरीची बाईंना भीती वाटली.

महिना भरला, आई आली. बाईंनी पोरीला खुणेने विचारलं, कोण आलंय? पोरगी जवळ गेली आणि आईच्या हनुवटीवर बोट घासून काहीतरी शोधू लागली. घर-घर खेळताना मुलं ‘आई’ म्हणून हनुवटीवर बोट ठेवत, ते तिला मुलांनीच शिकवलं होतं. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, तिथे तीळ होता तो त्या गेलेल्या मुलीच्या आईला.

“काय म्हणतेय हो ती?” आईने विचारलं.

खरं सांगावं तर पोरगी आजच घरी जाणार, पुन्हा भिंतीला चिकटणार.

“आई म्हणतेय,” बाई म्हणाल्या.

आईला रडू आवरेना. राहू दे तिला इथेच, म्हणाली. मग स्वतःच्या कोऱ्या हनुवटीवर तिने बोट ठेवलं. “असंच ना?”

“असंच.”

फाटकापर्यंत आई वळून वळून ती खूण करत गेली. बाई हात हलवत राहिल्या. पोरगी त्यांची बाही ओढून सांगत होती, ही नव्हे.